तारण आधी, सेवा मागून

महोदय,

ख्रिस्ती सेवाकार्य म्हटले की प्रवचने, दूरदेशी गेलेले मिशनरी आणि धर्मांतर एवढेच लोकांच्या डोळ्यांपुढे येते. इतरांचे राहू द्या, खुद्द मंडळ्यांतही (चर्चमध्येही) हाच समज घट्ट बसला आहे आणि त्याचा भार नव्याने ख्रिस्ती विश्वास स्वीकारलेले नवविश्वासी वाहतात.

बाप्तिस्मा किंवा दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर विश्वास पक्का करण्याचा विधी) होते न होते तोच त्यांना साक्ष द्यायला, म्हणजे आपल्या विश्वासाचा अनुभव चारचौघांत सांगायला, उभे केले जाते, संडे स्कूल सोपवले जाते, प्रार्थनासभांची जबाबदारी येते. आपण देवाचे आहोत की नाही, हे माणूस मग कामावरून ताडू लागतो. आजारपणात किंवा नोकरीच्या धावपळीत काम सुटले की तारणही, म्हणजे देवाने पापातून केलेली सुटकाही, हातचे गेले असे त्याला वाटते. असे किती जण मुकाट्याने उपासनेला यायचे बंद होतात! नवख्याला अध्यक्ष (मंडळीचा पुढारी) नेमू नका, तो गर्वाने फुगेल, असा इशारा बायबलमधील तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात (३:६) कारणासह दिलेला आहे.

तारण आणि सेवा यांचा योग्य क्रम पाहायचा तर बायबलमधील इफिसकरांस पत्र उघडावे. सहाच अध्याय, अर्ध्या तासाच्या आत वाचून होतात. पहिल्या तीन अध्यायांत ‘आठवण करा’ (२:११) ही एवढी एकच थेट आज्ञा. बाकी सगळे देवाने काय केले त्याचे वर्णन : निवडले, दत्तक घेतले, क्षमा केली, मेलेल्यांना जिवंत केले. आज्ञांची रीघ लागते ती चौथ्या अध्यायापासून. तरीही वर्गात २:८-९ तेवढे पाठ करून घेतात आणि दहावे वचन गाळतात. तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे, कर्मांनी नव्हे, हे पहिल्या दोन वचनांत येते. आपली घडण सत्कृत्यांसाठी झाली आहे, हे दहाव्यात. दहावे गाळले की विश्वास आळसावतो. एकटे दहावे धरले की माणूस धापा टाकतो. ही तिन्ही वचने एकत्रच शिकवावीत. तारणाच्या प्रश्नावरून शतकानुशतके दुरावलेल्या कॅथलिक आणि लुथरन मंडळ्यांनी ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबर्ग येथे ज्या संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या, त्यातही सत्कृत्ये ही कृपेची फळे असल्याचेच म्हटले आहे.

सेवा कशी दिसते, हे लूकने लिहिलेल्या शुभवर्तमानातील, येशू ज्याच्या घरी उतरला त्या जक्कयाच्या वृत्तांतात (लूक १९) कळते. हा मुख्य जकातदार. निम्मी मालमत्ता गरिबांना देतो म्हणाला. ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत. स्वतःहून कबुली देणाऱ्याने मुद्दल आणि वर एक पंचमांश भरावा, एवढीच मोशेच्या नियमशास्त्राची अपेक्षा होती (गणना ५:७). त्याने यासाठी जकातनाका सोडला, असे लूक कुठेही म्हणत नाही. तो प्रवचनाला उभा राहिला नाही, हिशेबाला बसला.

नवविश्वाशाला आम्ही पहिले काम तेच सांगतो : कोणाचे देणे थकले आहे, कोणाशी खोटे बोललो, ते लिहून काढा आणि सर्वांत जुन्या बाबीपासून निस्तरायला लागा. दुसरे, रोजचे काम. चोरी करणाऱ्याने चोरी सोडावी, हातांनी श्रम करावे आणि गरजवंताला द्यावे (इफिस ४:२८). सोडणे, श्रम करणे, देणे अशा या तीन पायऱ्या. मंडळ्या पहिल्या पायरीवर समाधान मानतात. तिसरीसाठी मिळकतीतला ठरावीक वाटा आधीच बाजूला काढावा लागतो, उरले तर देऊ म्हटले की उरत नाही. साक्ष त्यानंतर. तीही तीन-चार मिनिटांची : आधी काय होते, काय घडले, आता काय बदलले. पूर्वीची पापे रंगवून सांगण्याचा मोह इथे हमखास होतो, शिक्षकाने तो वेळीच रोखावा.

शब्दांनी सांगण्याची वेळ येईल त्याविषयी पेत्राच्या पहिल्या पत्रात (३:१५) नेमके मार्गदर्शन आहे : तुमच्या आशेचे कारण कोणी विचारले तर उत्तराची तयारी ठेवा, पण ते सौम्यतेने आणि आदराने द्या. आमिष, धाक किंवा कोणाच्या अडचणीचा फायदा यांना त्यात जागाच नाही. समोरच्याने ‘नको’ म्हटले, तर विषय तिथेच थांबवावा आणि त्याच्याशी स्नेह पूर्वीसारखाच ठेवावा.

– नवविश्वासी वर्गाचे शिक्षक