वावर, प्लॉट घेणाऱ्या-विकणाऱ्या सभासदांसाठी सूचना

सर्व सभासदांना नमस्कार.

कापसाचे चुकारे हाती आले की गावात इसारांना, म्हणजे सौदा पक्का करायला आगाऊ रक्कम देण्याला, ऊत येतो, म्हणून आत्ताच सांगतो. इसारचिठ्ठीने वावर तुमचे होत नाही, मग मुद्रांक शंभराचा असो की पाचशेचा. मालकी दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेल्या खरेदीखतानेच येते.

इसारापूर्वी ताजा सातबारा आणि जुने फेरफार (मालकी-हक्क बदलाच्या नोंदी) पाहा. 'भोगवटादार वर्ग २' (परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) दिसले तर तिथेच थांबा, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आहे का ते आधी विचारा. हिस्सेदार बहिणींची नावे, सोसायटीच्या कर्जाचा बोजाही तपासा. शहरातल्या पाहुण्याच्या नावे शेतजमीन घेत असाल तर तो शेतकरी असल्याचा पुरावा लागतो. आपल्याकडे १९५८ चा विदर्भ कुळवहिवाट कायदा लागू आहे.

रक्कम बँकेतूनच द्या. जमिनीच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. 'अर्धे रोख द्या, मुद्रांक वाचेल' असे सांगणारा दलाल तेव्हा कुठे सापडत नाही.

खरेदीनंतर फेरफार मंजूर होऊन सातबाऱ्यावर नाव चढेपर्यंत तलाठ्याकडे पाठपुरावा करा. धुरा (वावराची हद्द) मोजून घ्यायचा असेल तर भूमी अभिलेखात अर्ज पेरणीआधीच द्या.

शंका असल्यास कागद घेऊन सभेला या. ग्रुपवर आधार कार्डाचे फोटो टाकू नका.

– सचिव