कोडमधली नावं वाचणाऱ्याला कळली पाहिजेत

संपादक साहेब, नमस्कार.

प्रोग्रामच्या कोडमधे आपण जी नावं देतो, त्यांबद्दल थोडं बोलायचंय. मागे एका जुन्या प्रोग्राममधला बग, म्हणजे चूक, शोधत होतो, त्यात एका फंक्शनचं (एक ठरावीक काम करणारा कोडचा तुकडा) नाव होतं 'चेक डेटा' आणि आत उघडून बघितलं तर ते तपासत काहीच नव्हतं, सरळ रेकॉर्ड डिलीट करत होतं, आणि हे कळेपर्यंत माझी अख्खी दुपार गेली. चुकीचं नाव म्हणजे फसवणूकच, कारण माणूस त्यावर विश्वास ठेवून पुढे जातो.

लूपमधे, म्हणजे त्याच ओळी पुन्हापुन्हा चालवताना, मोजणीला 'आय', 'जे' अशी एका अक्षराची नावं चालतात, दोन ओळींपुरतीच असतात ती. पण दोनशे ओळींच्या फंक्शनमधे टेम्प (म्हणजे 'तात्पुरतं'), टेम्प२, टेम्प३ अशी नावं म्हणजे वाचणाऱ्याचा छळ आहे. आणि युनिट तरी नावात घालाच हो. नुसतं 'टाइमआउट' (किती वेळ वाट बघायची ते) आणि पुढे ३०, आता हे सेकंद की मिलिसेकंद? १९९९ मधे नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे मंगळावर पाठवलेलं यान वाया गेलं ते युनिटच्याच घोळाने, एक सॉफ्टवेअर पाउंडच्या हिशोबात आकडे देत होतं आणि दुसरं ते न्यूटनमधले धरून चाललं होतं.

कॅमल केस (checkData) की अंडरस्कोर (check_data) यावर मात्र भांडत बसू नका, पायथन भाषेत २००१ पासून पेप ८ ही कोड लिहिण्याची नियमावली आहे, फंक्शनला लहान अक्षरं नि अंडरस्कोर, जावात कॅमल केस, ज्या भाषेची जी रीत ती पाळा.

प्रोग्रामिंग शिकवणाऱ्यांना कळकळीची विनंती, मार्क देताना नुसतं आउटपुट बरोबर आलं का एवढंच बघू नका, पोरांनी दिलेली नावंही वाचा.

– एक प्रोग्रामर