तुझ्या डिस्चार्ज कार्डावरची ओळ

प्रिय वसू,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तराला मी एरवी इतका उशीर करत नाही, हे तू जाणतेस. पण या वेळी तुझ्या पहिल्याच प्रश्नाने मला अडवून धरले. लेकीला आता मूल हवे आहे आणि तुला त्या वेळी गरोदरपणात झाला तसा अतिरेकी उलट्यांचा त्रास तिलाही होईल का, या विचाराने तुझी झोप उडाली आहे, असे तू लिहिले आहेस. पुढे स्वतःच्या अंगातून निघणाऱ्या वाफांविषयी विचारले आहेस, आणि शेवटी, तुझ्या नेहमीच्या खवचटपणाने, "इतक्या वर्षांत तुमच्या शास्त्राने बाईच्या शरीराबद्दल नवे काय शोधले, तेही एकदा कळव" अशी पुस्तीही जोडली आहेस. तिन्ही उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत, त्यामुळे पत्र लांबणार आहे.

आधी एक कबुली. त्या वेळी तू आमच्या वॉर्डात सलाइन लावून पडली होतीस, पाण्याचा घोटही पोटात ठरत नव्हता, बावन्न किलोंची तू पंचेचाळीस किलोंवर आली होतीस, आणि मी नुकतीच निवासी डॉक्टर झाले होते. घरी परत पाठवताना तुझ्या डिस्चार्ज कार्डावर "मानसिक कारणांचा संशय, मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा" ही ओळ लिहिली गेली. ती वरिष्ठांनी सांगितली असली तरी अक्षर माझे होते, आणि खरे सांगायचे तर तेव्हा मला ती पटलीही होती. गरोदरपणातील अतिरेकी उलट्या म्हणजे नको असलेल्या गर्भाला मनाने दिलेला नकार, अशी मांडणी विसाव्या शतकात मनोविश्लेषणाच्या आश्रयाने बराच काळ टिकून राहिली, आणि तिची सावली आम्हाला शिकवणाऱ्यांच्या बोलण्यात तोवर शिल्लक होती. तुला ते मूल किती हवे होते, हे तुला शाळेपासून ओळखणारी मैत्रीण या नात्याने मला ठाऊक असायला हवे होते. पण पांढरा कोट अंगात आला की माणूस मैत्रिणीचेही ऐकेनासा होतो.

त्याच सुमारास, १९९९ साली, अमेरिकेत मार्लिना फेझो नावाच्या एका जनुकशास्त्रज्ञ बाईंना हाच आजार झाला होता. त्यांना हलताही येत नव्हते, आणि त्यांच्या डॉक्टरांचे मत असे, की हे लक्ष वेधून घेण्यासाठी चालले आहे. पंधराव्या आठवड्यात त्यांचे मूल गेले. त्यांनी त्या दुःखाचा प्रश्न केला आणि तो आपल्याच शास्त्राला विचारला. आधी अशा शेकडो बायकांकडून माहिती गोळा केली, मग लाळेवरून जनुकीय तपासणी करून देणाऱ्या एका कंपनीच्या ग्राहकांची माहिती मिळवली, आणि २०१८ मध्ये ज्या जनुकांकडे बोट दाखवले त्यांत जीडीएफ-१५ हे सर्वांत ठळक होते. या जनुकापासून बनणारे प्रथिन मेंदूच्या देठाजवळील एका ठिकाणी जाऊन मळमळ आणि अन्नाचा तिटकारा निर्माण करते. कर्करोगात भूक मरते, त्यातही याच प्रथिनाचा हात आहे.

खरा उलगडा डिसेंबर २०२३ मध्ये झाला. केंब्रिजमधील स्टीफन ओराहिली यांचा गट आणि फेझो यांनी मिळून दाखवले, की गरोदर स्त्रीच्या रक्तातील हे प्रथिन बहुतांशी तिचे स्वतःचे नसते, तर गर्भाकडून, म्हणजे वारेतून, आलेले असते. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की त्रास किती होणार हे केवळ किती प्रथिन आले यावर ठरत नाही. ते येण्याआधी त्या बाईच्या शरीराला त्याची कितपत सवय होती, यावरही ठरते. जिच्या रक्तात ते मुळातच कमी असते तिला गरोदरपणातील लोंढा सोसत नाही, आणि बीटा थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजारामुळे जिच्या रक्तात ते कायमच वाढलेले असते तिला मळमळ फारशी होतच नाही. उंदरांना आधी काही दिवस हे प्रथिन देऊन सवय लावली, तर नंतरच्या मोठ्या मात्रेने त्यांचे खाणे तुटत नाही, हेही त्यांनी तपासले. वसू, म्हणजे तुझे शरीर त्या गर्भाला नाकारत नव्हते. गर्भाने पाठवलेल्या एका रसायनाची शरीराला ओळख नव्हती, एवढेच.

आता लेकीविषयी. नॉर्वेतील जन्मनोंदींवर आधारलेल्या एका मोठ्या अभ्यासात, ज्यांच्या आईला हा आजार झाला होता अशा मुलींना तो सुमारे ३ टक्के आणि इतर मुलींना १.१ टक्के, असे प्रमाण आढळले. धोका जवळजवळ तिप्पट झाला हे खरे. पण शंभरातील सत्त्याण्णव मुली त्यातून सुटल्या, हेही त्याच आकड्यात लिहिलेले आहे, आणि रात्री जाग आली तर तू हा दुसरा अर्थ आठवावास. मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या जुन्या गोळीने जीडीएफ-१५ वाढते, म्हणून गर्भधारणेपूर्वी ती देऊन शरीराला सवय लावता येईल का, हा विचार संशोधकांनी मांडला आहे. तो अजून पुरता सिद्ध झालेला नाही, तेव्हा तिला आपल्या मनाने काही सुरू करू देऊ नकोस. मात्र मळमळ सुरू होताच, उलट्यांची वाट न पाहता, डॉक्सिलामाइन आणि बी-६ ची गोळी घ्यावी. खाणे पार थांबून सलाइन लावण्याची वेळ आलीच, तर ग्लुकोजच्या आधी बी-१ जीवनसत्त्व दिले आहे ना, हे तू स्वतः विचार. ते राहून गेले तर मेंदूला इजा होऊ शकते, आणि धावपळीत नेमके तेच राहून जाते.

तुझ्या तिसऱ्या प्रश्नाला मी "खूप काही" असे उत्तर देऊ शकले असते. पण गेल्या दहा वर्षांतील जे संशोधन मला खरोखर मोलाचे वाटते त्यातील बरेचसे नवे यंत्र किंवा नवा रेणू शोधल्याचे नाही, ते जे समोर होते ते अखेर मोजल्याचे आहे. प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाचेच घे. त्याने जगात दर वर्षी सुमारे ७०,००० स्त्रिया दगावतात. रक्त किती गेले हे आम्ही वर्षानुवर्षे डोळ्यांनी अजमावत आलो, आणि चादरीत, कापसात, फरशीवर पसरलेले रक्त डोळ्यांना नेहमी कमीच दिसते. बर्मिंगहॅम विद्यापीठाचे अरी कुमारस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि तांझानिया या चार देशांतील ८० रुग्णालयांत दोन लाखांहून अधिक बाळंतिणींवर एक प्रयोग केला. बाळंतिणीखाली प्लास्टिकची एक पिशवीवजा चादर ठेवायची, तिच्यावर मापाच्या रेषा असायच्या, आणि रक्त ठरलेल्या रेषेला पोहोचले की गर्भपिशवी चोळणे, ती आकसावी म्हणून ऑक्सिटोसिन, रक्तस्राव रोखणारे ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, सलाइन आणि तपासणी हे सगळे उपाय एकापाठोपाठ एक वाट पाहत न करता एकदमच करायचे. याचा निकाल २०२३ मध्ये आला. जिथे जुनीच पद्धत ठेवली होती त्या रुग्णालयांत निम्म्याच बायकांचा रक्तस्राव वेळेवर लक्षात आला, नव्या पद्धतीत तो ९३ टक्क्यांचा आला. आणि लिटरभर रक्त जाणे, त्यासाठी पोट उघडावे लागणे किंवा मृत्यू येणे, यांचे एकत्रित प्रमाण जुन्या पद्धतीत ४.३ टक्के, तर नव्या पद्धतीत १.६ टक्के होते. त्यातील एकही औषध नवे नव्हते. मी हा शोधनिबंध वाचला त्या दिवशी लेबर रूममध्ये जाऊन आमच्या सिस्टरांना विचारले, की आपण रक्त कसे मोजतो. त्या माझ्याकडे पाहून हसल्या, आणि मला त्या हसण्याचा अर्थ कळला. पुढे ऑक्टोबर २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ५०० मिलिलिटरची जुनी मर्यादाही सैल केली. ३०० मिलिलिटर रक्त गेले आणि जोडीला नाडी किंवा रक्तदाब बिघडला, तरी उपचार सुरू करावेत, असे आता सांगितले आहे.

ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडवरून आठवले. हे औषध जपानमधील उताको ओकामोतो या बाईंनी पतीसोबत शोधले, आणि १९६२ मध्ये त्याविषयी प्रसिद्ध केले. प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावावर त्याची चाचणी व्हावी ही त्यांची तेव्हापासूनची इच्छा होती. पण प्रसूतितज्ज्ञांना त्या ती पटवू शकल्या नाहीत. अखेर २१ देशांतील २०,०६० स्त्रियांवर चाचणी झाली, आणि पहिल्या तीन तासांत दिले तर हे औषध रक्तस्रावाने होणारे मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने कमी करते, असा निकाल २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. ओकामोतो २०१६ मध्येच, ९८ वर्षांच्या होऊन, गेल्या होत्या.

मोजण्याचाच आणखी एक किस्सा सांगते, आणि हा वाचून तू नक्की कपाळाला हात लावशील. पाळीची पॅड, टॅम्पॉन आणि कप यांत किती रक्त मावते, हे प्रत्यक्ष रक्त वापरून तुलनेने पाहणारा पहिला अभ्यास २०२३ सालचा आहे. त्याआधी मापे बहुधा पाण्याने किंवा मिठाच्या पाण्याने घेतली जात. रक्तपेढीतील मुदत संपलेल्या रक्ताने मोजल्यावर वेष्टनावरची क्षमता आणि खरी क्षमता यांचा मेळ अनेकदा बसेना. "दिवसाला किती पॅड लागतात" या प्रश्नावरून आम्ही अतिस्रावाचे निदान करत आलो, हे लक्षात घेतलेस की यातील गंमत कमी होते.

अंगावरून वारंवार पांढरे जाणे आणि त्याला वास येणे, या बॅक्टेरियल व्हजायनोसिस नावाच्या त्रासातही असाच एक उलटा धडा मिळाला. औषध घेतले की तो थांबतो आणि महिन्या-दोन महिन्यांत परततो. बायका स्वतःच्या स्वच्छतेला दोष देत राहतात. मेलबर्नच्या संशोधकांनी १६४ जोडप्यांवर चाचणी केली. निम्म्यांत केवळ स्त्रीवर उपचार केले, निम्म्यांत तिच्या जोडीदारालाही सात दिवस पोटात गोळ्या आणि वरून मलम दिले. बारा आठवड्यांत पहिल्या गटातील ६३ टक्के स्त्रियांना त्रास परत झाला, दुसऱ्या गटात ३५ टक्क्यांना. फरक इतका उघड होता, की चाचणी वेळेआधीच थांबवली गेली, आणि निकाल २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. केवळ गोळ्या देऊन केलेले आधीचे प्रयत्न फसले होते, म्हणून पुरुषावर उपचार करून उपयोग नाही असे आम्ही धरून बसलो होतो.

सगळीकडेच असे पुढे गेलो आहोत, असे मात्र समजू नकोस. एंडोमेट्रिओसिसमध्ये, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती बाहेर वाढण्याच्या आजारात, निदान होईपर्यंत अजूनही चार ते बारा वर्षे जातात. निदानासाठी दुर्बिणीची शस्त्रक्रिया हवीच, हा आग्रह युरोपीय तज्ज्ञांनी २०२२ मध्ये सोडला, ही चांगली गोष्ट झाली. जपानमधील एका अभ्यासात फ्यूजोबॅक्टेरियम नावाचा जंतू ६४ टक्के रुग्णांच्या गर्भाशयाच्या अस्तरात सापडला, त्याची बातमी गाजली. पण एका अभ्यासावर मी माझ्या रुग्णांना प्रतिजैविके देणार नाही.

राहिल्या तुझ्या वाफा. रजोनिवृत्तीनंतर शरीराचे तापमान सांभाळणाऱ्या मेंदूच्या भागातील काही विशिष्ट पेशी फुगतात, हे अमेरिकी संशोधक नेओमी रान्स यांनी मृत स्त्रियांच्या मेंदूंची तपासणी करून १९९० च्या सुमारास दाखवले होते. इस्ट्रोजेनचा लगाम सुटल्यामुळे या पेशी अतिउत्तेजित होतात. त्यांचा संदेश अडवणारे, हार्मोन नसलेले फेझोलिनेटंट हे औषध अमेरिकेत मे २०२३ मध्ये मंजूर झाले, म्हणजे मध्ये तीसेक वर्षे गेली. ते गुणकारी आहे, पण यकृताच्या क्वचित होणाऱ्या गंभीर इजेचा ठळक इशारा त्यावर पुढे छापावा लागला, म्हणून रक्ततपासणीशिवाय घ्यायचे नाही. हार्मोनच्या उपचारांची तू घेतलेली धास्ती, त्यांनी स्तनांचा कर्करोग आणि हृदयविकार वाढतो असे सांगणाऱ्या २००२ च्या त्या प्रसिद्ध अमेरिकी चाचणीतून आली आहे. तिच्यातील स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते आणि बहुतेकींची पाळी जाऊन बराच काळ लोटला होता. त्यांचे निष्कर्ष, पाळी जाऊन तीन वर्षे झालेल्या तुला जसेच्या तसे लावणे चूक होते. तुला स्तनांच्या कर्करोगाचा किंवा रक्ताच्या गुठळ्यांचा इतिहास नाही, तेव्हा त्वचेवर लावायचे इस्ट्रोजेन, आणि गर्भाशय असल्यामुळे त्याच्या जोडीला प्रोजेस्टेरॉन, हा पर्याय तुझ्या डॉक्टरांपुढे निःसंकोच मांड. मैत्रीण म्हणून दुरून औषध लिहून देण्याची चूक मात्र मी करणार नाही.

लेक पहिल्या तपासणीला जाईल तेव्हा तुझे ते जुने डिस्चार्ज कार्ड तिच्यासोबत दे. तुझे वजन किती आठवड्यांत किती उतरले, लघवीत कीटोन, म्हणजे शरीर उपाशी पडल्याची खूण, किती होते, हे आकडे तिच्या डॉक्टरांना उपयोगी पडतील. खालची ओळही त्यांनी वाचली तर वाचू दे. अक्षर कोणाचे असे विचारले, तर माझे नाव आणि फोन नंबर दे.

तुझी,
मीना

ता. क. कार्ड सापडत नसेल तर कळव. आकडे माझ्या जुन्या वहीत आहेत.