रविवारची बैठक : पाटीवरचा मजकूर पक्का करायचा आहे

सर्व सभासदांना नमस्कार. येत्या रविवारी सकाळी 10 वाजता वाचनालयात जमायचं आहे. आपल्या भागातल्या थोरांच्या आठवणीसाठी आपण पाट्या लावतोय, त्यातली पहिली पाटी 17 सप्टेंबरच्या, म्हणजे मराठवाडा मुक्तिदिनाच्या, झेंडावंदनाआधी लागलीच पाहिजे.

पहिलं नाव ठरलेलंच आहे, दगडाबाई शेळके. बदनापूर तालुक्यातल्या धोपटेश्वरच्या. निजामाच्या बाजूनं लढणाऱ्या रझाकारांविरुद्ध बंदूक आणि हातबॉम्ब घेऊन उतरलेली बाई! आपल्या नव्या पिढीला 1948 चा मुक्तिदिन माहीत आहे, पण दगडाबाई म्हटलं की पोरं एकमेकांकडे बघतात. याचं मला फार वाईट वाटतं.

लंडनमध्ये थोरांच्या घरांवर पाट्या लावायची पद्धत 1866 पासून आहे, तरी 2018 साली तिथंही बायकांच्या पाट्या जेमतेम 14 टक्के होत्या. आपण सुरुवातच बायकांपासून करू.

कच्चा मजकूर वाचला. पहिल्याच ओळीत ‘यांच्या पत्नी’ आलंय, ते काढा. आधी तिचं नाव, मग गाव, मग काम. काळ्या दगडावर अक्षर खोल कोरून घ्या. नुसता रंग दोन पावसाळ्यांत उडतो. नळाजवळच्या जुन्या पाटीवर आता फक्त ‘श्रीमती’ तेवढं वाचता येतं.

दुसऱ्या पाटीसाठी नावं आणा. भूमिगतांना भाकरी पोचवणाऱ्या, निरोप नेणाऱ्या, गावातली पहिली सुईण, पहिली शिक्षिका. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आजच विचारा, जमलं तर फोटोही आणा. ग्रामपंचायतीच्या परवानगीचा अर्ज तयार आहे, सह्या तेवढ्या राहिल्यात.