यरुशलेमचे मंदिर आणि ‘शेवटचा काळ’

संपादक महोदय,

जगात कुठे युद्ध पेटले की आम्हा ख्रिस्ती घरांत ‘शेवटचा काळ आला’, म्हणजे जगाचा अंत जवळ आला, असे फॉरवर्ड सुरू होतात. आधार बहुधा बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानाच्या 24व्या अध्यायाचा. पण त्यात येशू यरुशलेमच्या मंदिराचा चिऱ्यावर चिरा राहणार नाही म्हणतो, आणि ‘ही पिढी’ सरण्याआधी हे सारे होईल असेही. इ.स. 70 मध्ये टायटसच्या रोमन फौजेने ते मंदिर खरोखरच पाडले. तिथून लुटलेला सात शाखांचा दीपवृक्ष रोममधल्या टायटसच्या कमानीवर आजही कोरलेला दिसतो. म्हणून बरेच अभ्यासक भाकिताचा मोठा भाग तेव्हाच पुरा झाला असे मानतात. मलाही तसेच वाटते. (घरी आईला हे मुळीच मान्य नाही. त्याच अध्यायातला मेघांवरून येणारा मनुष्याचा पुत्र, म्हणजे परत येणारा येशू, तेव्हा कोणी पाहिला, असे ती विचारते, आणि मी गप्प बसतो.)

तारखा काढणाऱ्यांचे मात्र नवल वाटते. अमेरिकेत विल्यम मिलर या धर्मप्रचारकाचे अनुयायी 22 ऑक्टोबर 1844 ला प्रभू येशू परत येण्याची वाट पाहत बसले; दुसऱ्या दिवशी सूर्य नेहमीसारखाच उगवला. तो दिवस पित्यावाचून कोणालाच ठाऊक नाही, हे त्याच अध्यायातले 36वे वचन. ते कोणी फॉरवर्ड केलेले अजून पाहिले नाही.

– एक वाचक, सदर, नागपूर