माडाचे नुकसान आणि चानीवरचा आळ

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

नारळ महागल्यापासून माडाखाली पडलेले प्रत्येक पोखरलेले फळ लोकांच्या नजरेत भरू लागले आहे आणि त्याचा दोष सर्रास खारीच्या, म्हणजे आपल्या परसातल्या चानीच्या, माथी मारला जातो. फोंडा तालुक्यात कुळागरांना (माड-पोफळीच्या बागांना) खेटून घरे झाल्यामुळे चानी पूर्वीपेक्षा अधिक दिसते हे खरे. पण तेवढ्यावरून तिच्यासाठी विषाच्या वड्या ठेवण्याचा जो प्रकार काही ठिकाणी सुरू झाला आहे, त्याबद्दल लिहिणे मला आवश्यक वाटते.

खार पूर्णपणे दिवसा वावरणारा प्राणी आहे. अंधार पडण्यापूर्वी ती घरट्यात शिरते आणि उजाडल्यावरच बाहेर पडते. माडावरचा उंदीर मात्र रात्रीचा कारभारी. सकाळी बुंध्याशी पडलेल्या कोवळ्या फळाला देठाजवळ वाटोळे भोक दिसले, तर संशय आधी उंदरावर घ्यावा. चानी अगदीच निर्दोष आहे, असा माझा दावा नाही. पेरू, चिकू, काजूची बोंडे तिला आवडतात, कोवळी फळे ती कुरतडते, क्वचित पाखरांची अंडीही खाते. तिचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, त्यामुळे कुरतडणे ही तिची खोड नसून गरज आहे. मात्र फळांबरोबर ती किडेही टिपते, हे तक्रार करणारे सांगत नाहीत.

पाठीवर तीन पट्टे असलेल्या या खारीचे वजन जेमतेम शंभर ग्रॅम भरते. मीलनाच्या काळात एका मादीमागे अनेक नर झाडावरून झाडावर धावतात. पुढे पिल्लांच्या संगोपनात मात्र नराचा काडीचाही सहभाग नसतो. सुमारे 34 दिवसांच्या गर्भारपणानंतर मादीला बहुधा दोन किंवा तीन पिल्ले होतात. आमच्याकडे पाडेलीने, म्हणजे नारळ पाडणाऱ्याने, माड साफ करताना चुडतांच्या (झावळ्यांच्या) बेचक्यातून एक घरटे खाली आले, ते मी हातात घेऊन पाहिले आहे. बाहेरून काथ्या आणि सुके गवत, आत कापूस, आणि त्यात कोणाच्या तरी दोरीवरून ओढून नेलेल्या लाल कापडाची चिंधी. त्या उबेत केस नसलेली, डोळे मिटलेली दोन गुलाबी पिल्ले होती. अशी पिल्ले सापडल्यास त्यांना गाईचे दूध पाजू नये; त्याने जुलाब होऊन ती दगावतात. खोक्यात उबदार ठेवून त्याच झाडाच्या बुंध्याशी, मांजरापासून जपून ठेवल्यास आई बहुधा परत येते आणि एकेक पिल्लू तोंडात धरून दुसऱ्या जागी नेते. सुमारे दहा आठवड्यांनी पिल्लांचे दूध सुटते आणि नऊ महिन्यांची झाली की ती स्वतः विण्यायोग्य होतात. शेपटी झटकत चाललेला तिचा कर्कश चिवचिवाट अनेकांना त्रासदायक वाटतो. तो बहुतेक वेळा मांजर किंवा साप जवळ असल्याचा इशारा असतो, आणि परसात मुले खेळत असतील तर त्याकडे दुर्लक्ष न करणेच बरे.

आता विषाविषयी. माडाच्या शेंड्यात ठेवण्याच्या ब्रोमाडिओलोनच्या वड्या उंदरासाठी आहेत आणि त्याही दर पाच माडांपैकी एकावरच ठेवाव्यात, अशी शिफारस असते. त्या मन मानेल तशा परसभर ठेवल्या, तर विष खाल्लेला उंदीर घुबडाच्या किंवा मांजराच्या पोटात जातो, म्हणजे उंदीर मारणारेच मरतात. त्यापेक्षा जमिनीपासून सुमारे दोन मीटरवर खोडाभोवती गुळगुळीत पत्रा बसवावा आणि शेजारच्या झाडांना टेकलेली चुडते छाटावीत. चुडते टेकलेली राहिली तर पत्र्याचा काही उपयोग नाही, कारण उंदीर आणि चानी दोघेही वरूनच येतात. छाटणीपूर्वी बेचक्यात घरटे आहे का, हे पाडेलीला पाहायला सांगावे.

विभागीय कृषी कार्यालयांनी उंदराच्या आणि खारीच्या नुकसानीतील फरक दाखवणारे मराठी व कोंकणी फलक पंचायतींमध्ये लावावेत, आणि विषाच्या वड्या देताना त्या कशासाठी व किती वापरायच्या हे शेतकऱ्याला तोंडी समजावून सांगावे, अशी विनंती आपल्या पत्राद्वारे करीत आहे.

आपला नम्र,
एक बागायतदार वाचक, फोंडा