सोलापूरच्या किल्ल्याच्या बागेत आधी पाण्याचा उतार मोजा

मा. पालकमंत्री, सोलापूर जिल्हा,
सप्रेम नमस्कार.

मागच्या हिवाळ्यात दिल्लीला लेकीकडे गेलो होतो. तिने हुमायूनच्या कबरीची बाग दाखवली. कबर भव्य आहेच, पण मी अडकलो तो बागेतल्या पाटापाशी. अरुंद, दगडी. पाणी इतकं संथ, की त्यात पडलेलं एक वाळकं पान सरकायला लागलं तेव्हा कळलं, हे वाहतंय!

मी मूळचा मोहोळ तालुक्यातला. लहानपणी उसाला रात्री-अपरात्री दारं धरली आहेत. उतार बोटभर चुकला तर पाणी कुठं तुंबतं आणि बांध कुठं फुटतो, हे चांगलं ठाऊक आहे. तिथला उतार दर 40 मीटरला अवघा 1 सेंटिमीटर, हे कळल्यावर मी त्या गवंड्यांना मनोमन हात जोडले.

ही बागही मोडली होती. इंग्रजी अमलात या चारबागेत, म्हणजे पाटांनी चार भागांत विभागलेल्या मुघल बागेत, गोल वाफे आले, 1947 मध्ये निर्वासितांच्या छावण्या पडल्या. 1997 मध्ये आगाखान ट्रस्टने पुरातत्त्व खात्याबरोबर काम हाती घेतलं. चढलेली माती माणसांनी हातांनी उपसली, ती 3000 ट्रक भरली. विहिरींतला गाळ काढला, पाऊस जिरवायला खड्डे घेतले. 2003 पर्यंत पाट पुन्हा वाहते झाले. लिंबू, जास्वंद, डाळिंब लावलं. दिल्लीत डाळिंब पाहून घरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं.

साहेब, आपल्या भुईकोट किल्ल्याला खंदक आहे, शेजारी सिद्धेश्वर तलाव आहे. पाणी आणि तट यांचं नातं तिथं बहामनी काळापासून आहे. पण बाग सुधारायची म्हटलं, की आपल्याकडे आधी पेव्हर ब्लॉक उतरतात, मग कारंजं बसतं. ब्लॉकखाली पाणी जिरत नाही, कडुलिंबाच्या मुळ्या घुसमटतात. नळाला रोज पाणी न येणाऱ्या गावाला हे परवडणारं नाही.

माझी मागणी एवढीच आहे. किल्ल्यालगतच्या बागेला हात लावण्याआधी खंदकाची, जुन्या विहिरींची आणि जमिनीच्या पातळीची मोजणी करा. तो नकाशा लोकांपुढे ठेवा. पुरातत्त्व खात्याचे जाणकार सुरुवातीपासून सोबत घ्या. आणि माळ्यांचा, गाळ काढण्याचा दरवर्षीचा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरा.

मोजणीच्या दिवशी मला बोलवा. टेपचं एक टोक धरायला मी येईन.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, सोलापूर